सतरा दिवस आणि मागच्या खिडकीतला उंबर

ओढ्याकाठची | १४ जून २०२१, सकाळी ७:५०

आमच्या घराची मागची खोली पुण्यातल्या आंबिल ओढ्याकडे उघडते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा सोसायटीची मागची भिंत पडली, तळमजल्यावर छातीएवढं पाणी शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून निभावलं. पण त्या रात्री मागच्या खिडकीतून पाण्याचा जो आवाज ऐकला तो अजून कानात आहे. वास आणि डासांमुळे ती खिडकी तशीही बंदच असायची. पुरानंतर आम्ही तिच्यापुढे कपाटच सरकवून टाकलं.

यंदा ९ एप्रिलला माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मागच्या खोलीला लागून बाथरूम आहे, म्हणून मुक्काम तिकडे. डॉक्टर फोनवर म्हणाले, खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती हवी. नवऱ्याने मास्क लावून कपाट ओढलं, खिटी पक्कडीने सैल केली, खिडकी उघडली आणि दार लावून घेतलं.

समोर झाड होतं. गजांतून हात बाहेर काढला तर पान हाताला लागेल इतकं जवळ. अकरा वर्षं मी या घरात राहते आणि त्या झाडाचं नाव मला माहीत नव्हतं.

पहिले तीन दिवस तापातच गेले. चौथ्या दिवशी उशी खिडकीकडे करून पडले होते, तेव्हा खोडाला थेट चिकटलेले फळांचे घोस दिसले. हिरवी, काही लालसर. तेव्हा कुठे कळलं, हा उंबर. नरसोबाच्या वाडीला जाऊन औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या आहेत मी, पायातल्या चपला काढून. आणि त्याच झाडाकडे घरी पाठ करून अकरा वर्षं काढली. फार वाईट वाटलं, खरंच.

ताप आणि ऑक्सिजन लिहायला एक वही दिली होती. तीन रकाने होते: वेळ, ताप, ऑक्सिजन. पाचव्या दिवशी, पाडव्याला, मी चौथा रकाना आखला. ते पान आत्ता समोर आहे:

१३ एप्रिल, स. ६:१५. ९९.८. ९५. तांबट २, बुलबुल (मोजता येईनात), खार १.
दु. २. १००.४. ९४. काळा कोकीळ. त्याच्याशेजारी ठिपक्याठिपक्यांचा पक्षी, कोण?
रा. ९. ९९. ९६. वटवाघळं. आधी भीती वाटली, मग नाही.

दाराबाहेर श्रीखंडाची वाटी ठेवलेली होती. चव लागत नव्हती, वास येत नव्हता. ओढ्याचा वासही येत नव्हता आणि त्यामुळेच मी त्या खिडकीशी तासन्‌तास बसू शकले असेन. ॲम्ब्युलन्सचे आवाज रात्रंदिवस चालू होते. दोन आवाजांच्या मधल्या वेळात तांबटाचं पुक्-पुक्-पुक् ऐकू यायचं, एका लयीत, न थकता. मी त्या ठोक्यांवर श्वास मोजायचे.

१९ तारखेला माझे मोठे दीर गेले. हॉस्पिटलमध्ये. कोणालाच जाता आलं नाही. त्या दिवशीच्या पानावर नुसते आकडे आहेत, चौथा रकाना कोरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठा राखाडी पक्षी आला. घारीएवढा, लांब शेपटी, बाकदार चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. एकटाच होता. एकेक पिकलेलं उंबर तोडून गिळत होता, पण गिळलेलं पोटात जात नसावं, कारण गळा फुगत चालला होता. बारा उंबरं मी मोजली. मग तो पर्वतीच्या दिशेने उडून गेला. पाऊण तासाने पुन्हा आला. मी बाहेर येईपर्यंत रोज येत होता आणि रोज एकटा. त्याचं ते एकटेपण मला बघवत नव्हतं, आणि त्याची वाट बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

२६ एप्रिलला सतरा दिवस संपले. कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे.

तुमच्यापैकी कोणी या दीड वर्षात घराजवळचं असं काही नव्याने पाहिलं असेल तर लिहा. आणि तो राखाडी पक्षी कोण, एकटा का, हे कोणी सांगू शकेल का?

---

कढीलिंब | १४ जून, सकाळी ८:३५

ताई, वाचून डोळे भरून आले. दिरांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आता तब्येत कशी आहे? थकवा उतरला का? सविस्तर नंतर लिहिते, लेकीची ऑनलाइन शाळा सुरू होतेय.

---

पिंगळा | १४ जून, सकाळी १०:१०

तो राखी धनेश. आणि तो एकटा नव्हता.

एप्रिल हा त्यांच्या विणीचा काळ. मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड स्वतःच्या विष्ठेने, मातीने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी राहते. अंडी घालणं, उबवणं, सगळं आत. आत असतानाच तिची उडायची पिसं गळतात आणि नवी येतात, म्हणजे त्या काळात तिने बाहेर यायचं म्हटलं तरी उडता येणार नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं खाणंपिणं एकट्या नराच्या जिवावर. तो गळ्यात फळं भरून नेतो आणि फटीतून एकेक काढून देतो. तुम्ही मोजलेली बारा उंबरं त्याच्या पोटात जायचीच नव्हती.

तुमच्या खिडकीतून तो ज्या दिशेला जायचा तिथे कुठेतरी ढोली असणार. पर्वती, तळजई, किंवा मधल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारातलं झाड. म्हणजे ताई, ज्या दिवसांत तुम्ही दारापाशी ठेवलेलं ताट आत घेत होता, त्याच दिवसांत तीही घेत होती.

ठिपक्यांचा पक्षी म्हणजे कोकिळेची मादी. गातो तो काळा नर. दोघांनाही उंबर प्रिय.

तुमच्या निमित्ताने एक सांगायचं आहे. गेल्या वर्षी सगळीकडे लिहिलं गेलं की माणूस घरात बसला आणि निसर्ग परत आला. टाळेबंदी लागली २५ मार्चला आणि मार्च ते जून हा आपल्याकडच्या पुष्कळ पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. दयाळ, कोकीळ, पावशा, तांबट, शिंपी, सगळे याच महिन्यांत सर्वांत जास्त गातात, दर वर्षी गातात. नवी मुंबईतले फ्लेमिंगोही दर वर्षीच येतात. ठाण्याच्या खाडीचा भाग २०१८ मध्येच फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, ते काही उगाच नाही. परत आलं ते आपलं लक्ष.

पक्षी मोठ्याने गाऊ लागलेत असंही अनेकांना वाटलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या एका चिमणीचा अभ्यास झाला, गेल्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. रहदारी थांबल्यावर तिथला गोंगाट १९५० च्या दशकातल्या पातळीवर उतरला होता आणि त्या चिमण्या उलट हळू गायला लागल्या होत्या. तरी त्यांचं गाणं आधीपेक्षा लांबवर पोहोचत होतं. इतकी वर्षं त्या आपल्या गोंगाटावर मात करायला ओरडून गात होत्या, असाच त्याचा अर्थ. हे वाचल्यापासून मी टेकडीवर गाडी घेऊन जात नाही, पायथ्याशी लावतो.

---

ओढ्याकाठची | १४ जून, सकाळी ११:२५

पिंगळा, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो काहीच बोलला नाही, उठून मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. मनापासून आभार.

कढीलिंब, आता बरी आहे. जिना चढताना दम लागतो, एवढंच.

---

चाळकरी | १४ जून, दुपारी १:०५

लेख मनाला भिडला, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. परळला आमची दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये चाळीत रुग्ण सापडला आणि दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. खिडकी उघडते ती समोरच्या चाळीच्या भिंतीवर. संडास मजल्यावर सामाईक. सतरा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं कुठून? माझे वडील गॅलरीत झोपायचे, बाकीचे आत. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा उत्तर प्रदेशात पायी निघाला, त्याचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही.

टाळेबंदीने निसर्ग दाखवला असं वाचलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. ज्यांच्या खिडकीपुढे झाड होतं त्यांना तो दिसला.

---

ओढ्याकाठची | १४ जून, दुपारी १:४०

तुमचं बरोबर आहे. वेगळी खोली मिळणं आणि दाराशी ताट येणं हे त्या दिवसांत केवढं मोठं होतं, ते मी लिहायला हवं होतं. तुमचे वडील कसे आहेत?

---

चाळकरी | १४ जून, दुपारी २:१५

बरे आहेत. लस झाली दोन्ही.

रागाने लिहिलं नाही ताई. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं वाचून ज्यांना झाडाचं महत्त्व पटलं त्यांनी एक गोष्ट लावून धरावी. सगळं बंद करायची वेळ येते तेव्हा बागांना पहिलं कुलूप लागतं आणि ते निघतं सर्वांत शेवटी. ज्यांच्या घरात हवा नाही त्यांची मोकळी जागा तीच. वेळा ठरवून द्या, माणसं मोजून सोडा, पण कुलूप नको. आमच्या मुलांनी कितीतरी महिने मातीला पाय लावला नव्हता.

---

पिंगळा | १४ जून, दुपारी २:३०

शब्दाशब्दाला अनुमोदन. पुण्यातल्या टेकड्यांबद्दलही हेच म्हणेन.

---

पोफळीची_बाग | १४ जून, रात्री ९:२०

माझं गाव श्रीवर्धनजवळ. गेल्या वर्षी मे महिन्यात ई-पास काढून मुंबईहून गावी आलो आणि नियमाप्रमाणे चौदा दिवस गावच्या शाळेत राहिलो. ज्या वर्गात चौथी शिकलो त्याच वर्गात सतरंजी टाकून. रात्री दिवे घालवले की शाळेमागच्या ऐनांवर काजवे. लहानपणी पाहिलेले, मधली वीस वर्षं मे महिन्यात कधी आठ दिवसांवर थांबलो नाही, आणि पावसाच्या तोंडाशी तर नाहीच. एक झाड पेटतं, विझतं, मग शेजारचं. शाळेच्या पायरीवर बारा-बारा वाजेपर्यंत बसून असायचो.

१ जूनला घरी गेलो. ३ जूनला निसर्ग वादळ आलं.

वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या. घरापासून विहिरीपर्यंत जायला कोयत्याने वाट पाडावी लागली. आमच्या आजोबांनी लावलेला रायवळ आंबा मुळासकट उपटला. त्या आंब्याला ढोली होती आणि त्यात ककणेर दर वर्षी यायचे. ककणेर म्हणजे तुमच्या धनेशाचाच मोठा भाऊ, काळा-पांढरा. पिल्लं बाहेर पडली होती की आत होती, आम्हाला कळलं नाही. फांद्या उचलायलाच आठवडा गेला. जोडी त्यानंतर दोन-तीन दिवस समोरच्या फणसावर येऊन बसायची.

यंदा वाट पाहिली. आले, वाडीभर फिरले, निघून गेले. पोफळी पुन्हा लावल्यात, सहा-सात वर्षांनी धरतील. श्रीवर्धनी रोठा सुपारी पुन्हा होईल. ढोली व्हायला मात्र झाडाला म्हातारं व्हावं लागतं.

---

पिंगळा | १४ जून, रात्री १०:०५

फार वाईट झालं. सिंगापुरात धनेशांसाठी लाकडी पेट्या झाडांवर बांधल्या आणि त्यांनी त्या स्वीकारल्या. तुमच्याकडे उंच, मजबूत एखादं झाड उरलं असेल तर करून बघण्यासारखं आहे. डिसेंबरच्या आत पेटी वर जायला हवी. मापं वगैरे जाणकारांशी बोलून कळवतो, व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

पोफळीची_बाग | १४ जून, रात्री १०:१२

पाठवतो. सुतार गावातच आहे.

---

कढीलिंब | १५ जून, दुपारी १२:४०

आमची गोष्ट अगदी लहान आहे. बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता. गेल्या जुलैमध्ये फोडणीसाठी पानं तोडायला गेले तर पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी. झटकायला बोट लावलं तर ते हललं. लेक तेव्हा दुसरीत, दिवसभर मोबाइलपुढे बसून कंटाळलेली. तिला दाखवलं.

एकूण सात अळ्या निघाल्या. पहिले काही दिवस तपकिरी-पांढऱ्या, अगदी शिटेसारख्या, म्हणजे कोणी खायला धजावू नये. मग कात टाकून हिरव्यागार, पानात मिसळून जाणाऱ्या. डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं तांबडं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. लेक त्यांना रोज शाळेआधी बघायची. आमटीत महिनाभर कढीपत्ता पडला नाही, सासूबाईंनीच सांगितलं, राहू दे म्हणून.

सातांपैकी दोन साळुंक्यांनी नेल्या. पाच कोशात गेल्या, देठाला रेशमाचा पट्टा बांधून. त्यातला एक कोश काळा पडला आणि त्यातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या बाहेर पडल्या. लेक खूप रडली. तिला म्हटलं, त्यांनाही पोरं वाढवायची असतात. मला तरी कुठे पटलं होतं, पण म्हटलं.

चार फुलपाखरं निघाली. बहुरूपी म्हणतात त्यांना. नाव का पडलं तेही शोधलं: मादी वेगवेगळ्या रूपांत असते, त्यातलं एक रूप दुसऱ्याच एका विषारी फुलपाखरासारखं दिसतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आमच्या चारांपैकी एक तसली निघाली, मागच्या पंखांवर लाल ठिपके. पंख वाळेपर्यंत लेकीच्या बोटावर बसली होती.

यंदा कुंड्या दोन आहेत. एक स्वयंपाकाची, एक त्यांची.

---

वऱ्हाडी_पाऊल | १५ जून, दुपारी ३:३०

काटोलकडचा आहे. आमच्या वाट्याला गेल्या मे महिन्यात टोळधाड आली. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेलं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. संत्र्याच्या बागेवर सावली पडावी तशी उतरली. आम्ही डबे, थाळ्या वाजवत शेतभर पळालो, रात्री फवारणी झाली. हाही निसर्गच आहे, म्हणून लिहिलं. बाकी सर्वांचे अनुभव आवडले.

---

दूरदेशी | १५ जून, रात्री ११:५०

मी लीड्सला असते. इकडे २३ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा होती. आठ वर्षं मी या शहरात घर-ऑफिस-घर केलं. कालवा घरापासून दहा मिनिटांवर, लीड्सपासून थेट लिव्हरपूलपर्यंत जाणारा, आणि मी त्याच्या काठाने कधी चालले नव्हते. गेल्या वर्षीचा वसंत इकडच्या तोवरच्या नोंदींतला सर्वांत जास्त उन्हाचा होता, त्यामुळे रोज चालले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कालव्याच्या कडेला एक राखी बगळा उभा दिसला. एक पाय वर, मान आखडून. आणि मी तिथेच थांबले. आई-बाबांबरोबर पाषाण तलावावर लहानपणी पाहिलेला तोच. तसाच दिसणारा नव्हे, तोच, जात एकच. बाबा तेव्हा पुण्यात एकटे होते. विमानं बंद. मी त्यांना फोनवर रोज बगळ्याची खबर द्यायची आणि ते मला त्यांच्या गच्चीवरून दिसणाऱ्या घारींची. इतर काय बोलायचं हे आम्हाला दोघांनाही सुचत नसे.

२१ डिसेंबरला गुरू आणि शनी जवळ आले होते, आठवतं? १६२३ नंतर इतके जवळ पहिल्यांदाच. इकडे ढग होते. बाबांनी गच्चीवरून पाहिलं आणि फोनवर सांगितलं, दोन्ही मिळून एकच तारा वाटतोय, चष्मा पुसून पाहिला तेव्हा दोन झाले. अजून जाता आलेलं नाही मला.

ओढ्याकाठची, एक विनंती आहे. तुमच्या खिडकीतून पहाटेचं ध्वनिमुद्रण करून इथे टाकाल का? तांबट हवा आहे. इकडे कस्तूर फार सुंदर गातो, पण तो दुपार नाही आणत डोळ्यांपुढे.

---

ओढ्याकाठची | १६ जून, सकाळी ६:३०

दूरदेशी, आजच केलं. पावसाची भुरभुर होती, तांबट एकदाच बोलला, पण बोलला. व्यक्तिगत निरोपात पाठवते. शेवटी कुकरची शिट्टी आहे, ती काढता आली नाही.

---

दूरदेशी | १६ जून, दुपारी १२:१५

शिट्टी काढू नका.

---

ओढ्याकाठची | १९ जून, रात्री ८:४५

सगळ्यांना एक सांगायचं आहे, आणि मदतही हवी आहे.

आमच्या सोसायटीच्या बैठकीत मागची भिंत पक्की बांधायचा विषय निघाला. पुरानंतर ते हवंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच ओघात उंबर काढायचा ठराव आला. कारणं: मुळं भिंतीच्या पायात येतात, पिकलेली फळं गाड्यांवर पडून सडतात, वटवाघळांची घाण होते आणि आता वटवाघळं म्हटली की लोकांना कोरोना आठवतो. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या एकांनी मला आजारपणात इंजेक्शनसाठी चार दुकानं फिरून मदत केली होती. मी उभी राहिले आणि वहीचं पान वाचून दाखवलं. आवाज कापत होता. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबला आहे, रद्द झालेला नाही.

कायद्याचं काय आहे?

---

पिंगळा | १९ जून, रात्री ९:३०

सोसायटीच्या आवारातलं असलं तरी झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. झाडावर नोटीस लागते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. तुम्ही हरकत लेखी द्या, पोच घ्या.

पण त्याआधी लोकांशी बोला. ओढ्याकाठची माती धरून ठेवणारं झाड आहे ते. उंबराची मुळं ओलाव्यात खोल जातात आणि पाण्याकाठी ते चांगलं वाढतं. २०१९ ला भिंत पडली आणि उंबर उभा राहिला, हे त्यांनीही डोळ्यांनी पाहिलं आहे. भिंत दोन फूट आत घेऊन झाडाला वळसा घालता येईल का, हे बांधणाऱ्याला विचारा. गाड्यांवर फळं पडतात, तर त्या फांदीची छाटणी परवानगी घेऊन होऊ शकते. आणि वटवाघळांना हाकललं तर ती दुसऱ्या झाडावर जातील, त्याने आजार कमी होणार नाही. झाडाखालचं खाली पडलेलं फळ मुलांनी खाऊ नये, एवढं सांगितलं तरी पुरे.

उंबराचं फूल कोणाला दिसत नाही म्हणतात ना, ते त्या फळाच्या आतच असतं. कणीपेक्षा लहान माशी वरच्या छिद्रातून आत शिरते, तेव्हा ते फळ धरतं. ती माशी उंबराशिवाय जगत नाही आणि उंबर तिच्याशिवाय फळत नाही. बैठकीत एक उंबर सुरीने कापून दाखवा. मी अनेक ठिकाणी हे केलं आहे, लोक खुर्च्या सोडून बघायला येतात.

---

चाळकरी | १९ जून, रात्री १०:०५

ताई, हरकतीच्या अर्जावर बाहेरच्यांच्या सह्या चालत असतील तर माझी घ्या. आमच्या चाळीच्या पाइपातून एक पिंपळ उगवलाय, चौथ्या मजल्याच्या उंचीवर. दर वर्षी कापतात, दर वर्षी येतो. वडील त्याला गॅलरीतून तांब्याने पाणी घालतात. भिंतीला वाईट आहे ते मलाही कळतं, पण त्यांना सांगायचं धाडस होत नाही.

---

ओढ्याकाठची | २३ जून, सकाळी ७:१५

पुढची बैठक रविवारी संध्याकाळी आहे. त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पिंगळा येणार आहेत, झाडावर कोण कोण येतं याची तासभर नोंद करू आणि ती यादी बैठकीत ठेवू. पुण्यातलं कोणी येणार असेल तर सांगा, पाच-सहा जणांपेक्षा जास्त नको, मास्क लावून. दुर्बीण असेल तर आणा. मागच्या बाजूने या, पुढचं गेट आठपर्यंत बंद असतं. ओढ्याकडेला चिखल आहे, चपला घालून येऊ नका.

---

कढीलिंब | २३ जून, सकाळी ७:४०

मी आणि लेक. तिची वही घेऊन.